पितळी जीभ

वैशाखात चंद्रपूरवर ऊन कोसळतं. ताम्रवर्ण, तप्तधार, निर्दय ऊन. इरई नदीच्या पात्रात पाण्याची एक क्षीण रेघ उरते, वितळल्या शिशासारखी जड, आणि काठची वाळू पांढऱ्या विस्तवासारखी धगधगते. बाभळींच्या सावल्या बाभळींच्याच मुळाशी आक्रसून बसतात. आकाशाला रंग नसतो. नुसती धार असते.

दुपारी अडीचला जमीन हादरते. गावापलीकडच्या खुल्या खाणीत सुरुंग उडतात, कोळशाच्या कृष्णशिळा दुभंगतात. काळ्या धुळीचा एक स्तंभ आभाळात चढतो, क्षणभर थबकतो, आणि मग वाळवणांवर, रांजणांवर, निजलेल्या लेकरांच्या पापण्यांवर उतरत राहतो.

हर्षला पिंपळशेंडे त्या हादऱ्याच्या कुशीत वाढली होती. तिचे वडील कवडूजी खाणीत सुरुंग लावायचे. तीस वर्षं त्यांनी पृथ्वीच्या पोटात दारू ठासली, बत्ती दिली, आणि त्यांच्या आत जे न उडता उरायचं ते संध्याकाळी घरी येऊन उडायचं. कमरेच्या पट्ट्यातून उडायचं. पट्ट्याचं बक्कल पितळेचं होतं. "रडतेस कायले? नीट उभी राय!" दर फटक्यामागं हेच शब्द, हीच चाल, हाच हेल.

मागच्या हिवाळ्यात काजळलेली फुप्फुसं घेऊन कवडूजी गेले. हर्षला रडली नाही. नीट उभी राहिली.

आता ती सव्वीस वर्षांची होती, आणि तिच्या खांद्यावरून एक रक्तवर्ण इलेक्ट्रिक गिटार लटकत होती.

तिघांचा बँड होता. नाव राखरांगोळी. गिटार हर्षलाची, ड्रम्स नाझिमचे, गाणं आणि बेस सुबोध आत्रामचा. सुबोध तिचा शाळेपासूनचा मित्र, मऊ बोलणारा, लांब बोटांचा, लाजाळू डोळ्यांचा. मूल गावाकडे जाणाऱ्या रोडवर नाझिमच्या मामाची बंद पडलेली भातगिरणी होती. तिच्या खिडक्यांना गोणपाटं लावून, भिंतींना गाद्या टेकवून त्यांनी आपलं पहिलं गाणं रेकॉर्ड करायला घेतलं होतं. कूलरची घरघर माइकमध्ये येते म्हणून कूलर बंद. पत्रा तापलेला, हवा तापलेली, तारा तापलेल्या. तिसरा दिवस.

गाणं सुबोधनं लिहिलं होतं. एकदा, एकदाच, नदीकाठी बसून हर्षलानं त्याला पट्ट्याविषयी सांगितलं होतं. आठवड्यानं त्यानं तिच्या हातात कागद ठेवला होता:

पट्ट्याला होती पितळी जीभ,
ती माझ्या पाठीशी बोलायची.

आणि याच ओळीपाशी त्याचा आवाज तुटत होता.

पहिल्यांदा तुटला तेव्हा नाझिम हसला. चौथ्यांदा तुटला तेव्हा कोणी हसलं नाही. ड्रम्स ढगांसारखे गडगडत यायचे, बेस भूमीखालून सरपटत यायचा, हर्षलाच्या तळहाताची कड तारांवर दाबलेली, दबलेल्या तारांतून तो गुरगुरता, दात आवळलेला ठेका. गाणं कड्याच्या टोकापर्यंत पोचायचं आणि सुबोध तिच्याकडे पाहायचा. पाहिलं, की ओळ तुटायची.

"माझ्याकडे पाहू नको," हर्षला म्हणाली.

"पाहत नाही."

"पाहतोस. अन् कीव करतोस. मले कीव नको, मले गाणं पाहिजे."

सातव्यांदा त्यांनी सुरुवात केली. हा सातवा प्रयत्न खरोखर उत्तम चालला होता. स्वेदस्नात नाझिम देहभान विसरून वाजवत होता, पत्रे थरथरत होते, गिटारचा आवाज लोखंड कापणाऱ्या पात्यासारखा ठिणग्या उडवत होता. पट्ट्याला होती, सुबोध गायला. पितळी, तो गायला. आणि त्यानं पाहिलं. आणि त्याचे डोळे भरून आले.

हर्षलाच्या आत काहीतरी पेटलं. बत्ती कोणी दिली, तिला कळलं नाही.

तिनं गिटारमधून केबल उपसली. अँप्लिफायर धडाडला. काळी, लांब, सर्पदेही केबल तिच्या मुठीत दुहेरी झाली, हवेत फिरली, सणाणली, आणि सुबोधच्या मानेवर उतरली. टोकाचा धातू कानाला लागला. तो ओरडला. केबल पुन्हा उठली, पुन्हा उतरली, आणि तिच्या तोंडून शब्द फुटले. ड्रम्स थांबले होते. गिरणीत एकच आवाज घुमत होता, तो तिचा होता.

सुबोधनं कोपर वर करून चेहरा झाकला होता.

असंच कोपर. असाच कोन. त्या कोपराआडून जग केवढं दिसतं ते हर्षलाला ठाऊक होतं. चिंचोळी एक फट, फटीत दोन पाय, आणि त्या पायांची पुढची हालचाल ओळखू पाहणारे डोळे. तिची मूठ उघडली. केबल जमिनीवर पडली.

नाझिमनं सुबोधला खाली बसवलं, माठातलं पाणी रुमालावर ओतून कानाला लावलं. रुमाल लाल झाला. मग, काय करावं न सुचून, माणूस आपल्या सवयीच्या कामाकडे वळतो तसा नाझिम लॅपटॉपकडे वळला. रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. त्यानं हेडफोन लावला, ऐकलं, आणि त्याचा चेहरा बदलला.

"हर्षला," तो हळूच म्हणाला, "हे ऐक. चुकीचं झालं, मान्य. पण आवाज ऐक."

तिनं ऐकलं. तो सणाणता फटका. ती किंकाळी. आणि मग एक स्वर, खर्जातला, खडबडीत, कोळसा चघळल्यासारखा: "रडतोस कायले? नीट उभा राय!"

तोच हेल. तीच चाल. कवडूजी तिच्या कानात उभे होते.

"सोलोच्या आधी हेच ठेवू," नाझिम म्हणत होता. "अख्ख्या महाराष्ट्रात कोणाकडं असा आवाज नाही. अंगावर काटा येतो बे."

सुबोध जमिनीकडे पाहत होता. रुमालातून एक थेंब ओघळला, मानेवरून कॉलरमध्ये उतरला.

हर्षलानं लॅपटॉप पुढं ओढला. फटका, किंकाळी, तो स्वर: पडद्यावर तीन उंच हिरवी शिखरं होती. तिनं ती निवडली आणि पुसून टाकली. पुसल्याची खात्री करून घेतली. तिथं एक सपाट, शुभ्र, निःशब्द रेघ उरली.

"वेडी हायेस," नाझिम म्हणाला, आणि बाहेर निघून गेला.

ती सुबोधसमोर उकिडवी बसली. "सुबोध, माफ कर मले."

"तुझा बाप मागायचा का माफी?"

"दर वेळी. दुसऱ्या दिवशी जिलेबी आणायचा."

"मग तू आणू नको," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि ते रागाहून कठीण होतं. "गाणं पुरं करू. पण मी तुझ्या बाजूले उभा राहणार नाही. तू वाजवशीन तवा मी बाहेर. मी गाईन तवा तू."

तो उठला, दार ओढून घेतलं, उन्हात गेला.

काही वेळानं नाझिम परतला आणि त्यानं रेकॉर्डिंग सुरू केलं. त्या शुभ्र रेघेपलीकडे हर्षलाचा सोलो, तिनं एकटीनं वाजवायचा तुकडा, यायचा होता. ती एकटी उभी राहिली आणि तिनं वाजवलं.

जे केबलीतून आलं होतं ते आता तिनं तारांत ओतलं. उजवा हात कुऱ्हाडीसारखा उतरत होता, डाव्या हाताची बोटं तारेला पिळत, फरफटत, तिच्या सहनशक्तीच्या शेवटापर्यंत नेत होती, आणि तार किंचाळत होती. रानडुकरासारखे मुसंडी मारणारे खर्ज. काच फुटावी तसे तारस्वर. शिळा फुटत होत्या, बांध फुटत होते, पाषाणगर्भ भूमी आतून उकलत होती. मग तार तुटली. तिनं उरलेल्या पाचांवर वाजवलं. सुराला लागलेली आग तिनं विझवली नाही, सजवली नाही. जळू दिली, राख होईपर्यंत जळू दिली.

थांबली तेव्हा तिचे दात वाजत होते. त्या वैशाखात.

मग ती बाहेर गेली, आणि सुबोध आत आला. दारात दोघं एकमेकांच्या शेजारून गेले तेव्हा तो भिंतीला अंग चोरून गेला.

गिरणीच्या तापल्या भिंतीला पाठ लावून ती ऐकत बसली. आतून त्याचा आवाज आला. पट्ट्याला होती पितळी जीभ, ती माझ्या पाठीशी बोलायची. तुटला नाही. एकदाही तुटला नाही. तो कोणाकडे पाहत गायला, ते तिनं कधी विचारलं नाही.

ज्येष्ठात गाणं बाहेर पडलं. खाणीतले कामगार डबा खाताना ते मोबाइलवर लावू लागले, कॉलेजातली पोरं बाकांवर त्याचा ठेका धरू लागली. लोक विचारत, सोलोच्या आधी दोन श्वास सगळं थांबतं, ते कसं सुचलं? नाझिम हसून विषय बदलायचा. हर्षला म्हणायची, "सुचलं नाही."

कार्तिकात त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला, कॉलेजच्या मैदानावर, सूर्य मावळताना. केशरी, कुंकुमी, जांभळा प्रकाश मंचावर तिरपा सांडला होता. सुबोध आला होता. त्यानं मंचाचं डावं टोक घेतलं, आपला माइक स्वतः उचलून तिकडं नेला. हर्षलानं आपला अँप्लिफायर उजव्या टोकाला सरकवला.

दोघांच्या मध्ये फळ्यांचा एक रिकामा तुकडा राहिला. पाच हातांचा असेल. गाणं पेटलं, मैदान उसळलं, धूळ उडाली, हजार हात वर गेले. आणि त्या रिकाम्या फळ्यांवर मावळतीचं ऊन येऊन बसलं, एकटं, सोनेरी, स्तब्ध. तिनं वाजवलं. त्यानं गायलं. त्या उन्हात कोणी पाऊल ठेवलं नाही.