चांगुणाबाईंचा हुंकार

नात बोलायला लागल्यापासून चांगुणाबाईंनी तिला कधी 'हं' कमी पडू दिलं नव्हतं. सांगणाऱ्याला समोरून हुंकार द्यायचा, ही वालूर गावची जुनी रीत. निकिता लहानपणी गोष्टी सांगायची तेव्हाही हं, आणि आता सातवीतली गणितं सांगायची तेव्हाही हं. गणितातलं काही कळायचं नाही. पण पोरीचा चेहरा फुलायचा, तेवढं त्यांना पुरे होतं.

त्या दिवशी शाळेच्या राजेश्रीबाई निकिताचा पेपर घेऊन घरी आल्या. "उत्तरं सगळी बरोबर, मार्क मात्र निम्मे. उत्तर कसं आलं ते कुठंच लिहिलं नाही. गणिताच्या शिबिरासाठी रविवारी परभणीला पेपर आहे. तिथंही असंच केलं तर निवड व्हायची नाही."

"लिहायचं काय त्यात? आज्जीला तर लगेच कळतंय," निकिता कुरकुरली.

चांगुणाबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

संध्याकाळी त्या तूर निवडत असताना निकिता वही घेऊन शेजारी बसली. "एक अन् तीन, चार. त्यात पाच मिळवले की नऊ. विषम आकडे ओळीनं मिळवत गेलं की दरवेळी वर्गच येतोय. कळलं?"

ओठावर आलेलं हं चांगुणाबाईंनी गिळलं. "न्हाई."

"रोज तर कळतंय."

"रोजबी कळत नव्हतं, बाई. तू खुश व्हायचीस म्हणून म्हणायची मी."

निकिताचे डोळे भरले. "म्हंजे इतके दिवस मी भिंतीसंगं बोलायले का?"

"भिंत हं म्हणती व्हय?" तिचा बाप बालाजी दारातून म्हणाला. कोणी हसलं नाही.

"वर्ग म्हंजे काय, हेच मला ठाऊक न्हाई," चांगुणाबाई म्हणाल्या. "तिथून सांग."

निकितानं वही आपटली. बराच वेळ ती फुरंगटून बसली. मग सुपातली मूठभर तूर घेऊन तिनं फरशीवर एक दाणा ठेवला. त्याला लागून तीन ठेवले. "झाला चौकोन?"

"झाला."

त्याच्या दोन बाजूंनी पाच मांडले. "परत चौकोन. ह्यालाच वर्ग म्हणत्यात."

"पाचच कामून?"

"दोन ह्या अंगाला, दोन त्या अंगाला, अन् कोपरा भरायला एक."

चांगुणाबाई वाकून बघत राहिल्या. मग कोणी न सांगता त्यांनी दाणे उचलले. तीन इकडं, तीन तिकडं, एक कोपऱ्यात.

"सात," निकिता हळूच म्हणाली. "सोळा झाले, आज्जे." राग कधी गेला, तिचं तिलाच कळलं नाही. "हेच लिहू का पेपरात?"

"लिही, अन् मला वाचून दाखव. कळल्याबिगर हं म्हणणार न्हाई."

निकितानं चार ओळी लिहून वाचल्या. चांगुणाबाई गप्प. तिनं दोन ओळी खोडल्या, नव्या लिहिल्या, पुन्हा वाचल्या.

"हं," चांगुणाबाई म्हणाल्या.