चढावरचा आवाज

ती लोकांचे कान तपासायची. नोकरी दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात, आणि घर मात्र इथे, कारण नवऱ्याची शाळा इथे, मुलीची शाळा इथे. मधलं अंतर असं की सकाळी अंधारात निघावं तेव्हा कुठे ओपीडीच्या वेळेला ती जेमतेम पोचायची, आणि परतायची तेव्हा मुलगी जेवून पेंगत असायची. बदलीचा अर्ज देऊन झाला होता. तोवर सगळी मदार गाडीवर.

गाडी म्हातारी होती. कंपनीनं ते मॉडेल बनवणं कधीच बंद केलं होतं, आणि तिच्या बरोबरीच्या बऱ्याच गाड्या भंगारात जाऊन वितळल्याही होत्या. पण ही पळत होती, कारण बाई तिला जपायची. दर रविवारी बॉनेट उघडायचं, ऑइलची काडी पुसून पुन्हा बुडवून बघायची, कूलंट बघायचं, बॅटरीवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुवायची, चारही टायरांत हवा मोजायची, आणि न विसरता डिकीतल्या पाचव्यातही.

"माझा वाढदिवस विसरतेस," नवरा म्हणायचा, "आणि हिचं ऑइल बदलायचं बरं लक्षात राहतं."

"तू घाटात बंद पडत नाहीस," ती म्हणायची.

अशा या गाडीला एके सकाळी आवाज यायला लागला. घाटाचा चढ लागला, तिनं ॲक्सिलरेटर जरा दाबला, आणि कुठून तरी बारीक, सुईसारखा, "चिंऽऽऽ". पाय काढला की बंद. दाबला की पुन्हा चिंऽऽऽ. रेडिओ बंद केला, काचा वर केल्या, काचा खाली केल्या. आवाज होताच.

रविवारी तिनं नवऱ्याला शेजारी बसवलं आणि म्हणाली, "नीट ऐक हं."

"हो, येतोय की!" तो म्हणाला.

"अजून गाडी सुरू केली नाही मी."

सुखी संसाराचा त्याचा एवढा एकच मंत्र होता, त्यामुळे साक्षीदार म्हणून त्याचा उपयोग शून्य. ती गाडी घेऊन वस्तादांकडे गेली.

वस्ताद म्हणजे त्या भागातले जुने मेकॅनिक. गाडी नुसती दारात येऊन उभी राहिली की आवाजावरून दुखणं सांगायचे, अशी त्यांची ख्याती. गॅरेज पुढे, घर मागे. अंगानं आडवे, आवाज असा की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकून मागे बघावं. तिच्या गाडीची गेली कित्येक वर्षं त्यांनीच देखभाल केली होती, आणि गाडीवर त्यांचा तिच्याइतकाच जीव होता.

त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. वैद्यानं नाडी धरावी तसं.

"रेस करा, ताई!"

तिनं रेस केली. चिंऽऽऽ. तिचे दात शिवशिवले.

"मखमल!" वस्ताद म्हणाले. "नवी गाडीसुद्धा अशी चालत नाही."

"अहो वस्ताद, आत्ता आला की आवाज!"

"कसला?"

"चिंऽऽऽ असा."

"मी इथे कान लावून बसलोय. असता तर मला ऐकू नसता आला?" मग जरा मायेनं म्हणाले, "ताई, राग मानू नका. दिवसभर तुम्ही लोकांच्या कानात शिट्ट्या वाजवता. त्यातलीच एखादी राहिली असेल तुमच्याच कानात."

हे तिला भलतंच लागलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं सहकारी डॉक्टरणीला बसवून स्वतःचे कान तपासून घेतले. कान ठणठणीत होते. डॉक्टरीण म्हणाली, "वटवाघळाचे आहेत."

ती पुन्हा गॅरेजमध्ये गेली. या वेळी गाडीपेक्षा वस्तादांकडेच तिचं लक्ष होतं. खिशातला फोन किणकिण वाजत होता आणि वस्ताद निवांत नट आवळत होते. मागच्या दारातून त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, विचारलं, "चावी कुठे आहे?"

"चहा? घेतला आत्ताच," वस्ताद म्हणाले, "पुन्हा नको."

वहिनी कपाळाला हात लावून आत गेल्या. बाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आयुष्यभर ग्राइंडरशेजारी उभा राहिलेला माणूस! असे कान ती रोज बघत होती. जाड आवाज सगळे ऐकू येतात, वरचे बारीक तेवढे गळून पडतात, आणि गळाले ते माणसाला कळतही नाही. पण हे वस्तादांना सांगायचं कसं? पोहणाऱ्याला "तुम्हाला पाण्याची भीती आहे" म्हणण्यातलाच प्रकार.

तिनं युक्ती केली. "वस्ताद, आवाज फक्त घाटात येतो. एक दिवस माझ्याबरोबर चला ना. संध्याकाळी परत आणते."

वस्ताद तयार झाले. ठरल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन हजर. वहिनी दारापर्यंत आल्या आणि तिच्या खिडकीशी वाकून हळूच म्हणाल्या, "सावकाश आणा. घाई नाही."

घाट लागला. गाडी किंचाळायला लागली. तिला तर वाटलं, रस्त्याकडेची कुत्रीसुद्धा वर बघतायत. वस्ताद मात्र खिडकीवर कोपर ठेवून डोंगर बघत होते. मागच्या वळणावर लावलेला इंडिकेटर ती मुद्दाम बंद करत नव्हती. टिकटिक, टिकटिक. वस्तादांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"काय हो, येतोय का आवाज?" तिनं विचारलं.

"ताई, तुम्ही थकलाय. रोजचा एवढा प्रवास. रजा घ्या चार दिवस."

इस्पितळात पोचल्यावर ती सहज म्हणाली, "आलाच आहात तर माझं काम बघा की. फुकटात कान तपासून देते."

"बघा बघा," वस्ताद म्हणाले. "या कानांची नोंद ठेवा. विद्यार्थ्यांना दाखवायला होईल."

तिनं त्यांना आवाजबंद खोलीत बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडून तिनं जाड आवाज सोडले. वस्ताद परीक्षेत पहिल्या बाकावर बसल्यासारखे ताठ होऊन बटण दाबत होते. ती हळूहळू वरच्या, बारीक आवाजांकडे सरकत गेली. मग बटण थांबलं. तिनं आवाज वाढवला. वस्ताद शांत. आणखी वाढवला. वस्तादांनी छताकडे बघितलं, बटणाकडे बघितलं, आणि काचेवर टकटक केली.

"ताई, मशीन बंद पडलं."

"चालू आहे, वस्ताद."

"वायर तुटली असेल आतून. असं होतं. पाना आहे का? नाहीतर थांबा, नुसतं दाबून बघतो..."

ते हेडफोनची वायर चिमटीत धरून तपासायला लागले. तिनं आत जाऊन हेडफोन काढले आणि त्यांच्या हातात ठेवले. त्यातून येणारी शिट्टी खोलीभर ऐकू येत होती. दारात उभी असलेली पुढची पेशंट, एक म्हातारी, कानावर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई, बंद करा ते!"

वस्तादांनी म्हातारीकडे बघितलं. मग हेडफोनकडे. मग खाली बसले.

ते हेडफोन हातात फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हणजे गाडी खरंच ओरडत होती?"

"केव्हाची."

"आणि मी मखमल म्हणालो." त्यांनी दोन्ही तळहातांकडे बघितलं. "दुसऱ्यांच्याही गाड्या गेल्या असतील की अशाच. टॅक्सीवाल्याची गेली. ती नव्या लग्नाची जोडी आली होती, तिची गेली. सगळ्यांना मखमलच म्हटलंय मी."

तिला वाईट वाटलं. गमतीगमतीत आणलेला माणूस एकदम लहान दिसायला लागला होता. ती शेजारी बसली. "कान गेले नाहीत वस्ताद, वरची पट्टी तेवढी गेलीय. त्यावर उपाय आहे. चष्मा लावताच ना तुम्ही?"

"चष्म्याला कुणी हसत नाही."

"हसलं तर आता ऐकू तरी येईल."

हे त्यांना पटलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी मान पुढे केली. तिनं वापरून बघायला देतात ती श्रवणयंत्रं त्यांच्या मापानं जुळवली आणि दोन्ही कानांमागे बसवली.

"झालं?" वस्ताद म्हणाले, आणि स्वतःच दचकले. "कोण ओरडलं?"

"तुम्हीच."

"मी नेहमी एवढ्यानं बोलतो?"

"नेहमी."

गाडीपाशी गेल्यावर तिनं किल्ली फिरवून नुसती रेस केली. वस्ताद दोन्ही हात वर करून बॉनेटपुढे आडवे आले. "बंद करा! आधी बंद करा! अहो, टेन्शनरचं बेअरिंग गेलंय! पट्टा ताणून धरणारी पुली असते, तिचं! ते अडकलं की पट्टा तुटला, पट्टा तुटला की इंजिन संपलं! आणि हिला घेऊन तुम्ही रोज घाटातून जाता? वेड लागलंय का तुम्हाला?"

तिनं इंजिन बंद केलं. काही वेळा गप्प बसण्यातच मजा असते.

वस्ताद गाडी हलवू देईनात. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरकडून त्यांनी जॅक आणि पाने मागून घेतले, इस्पितळासमोरच्या सुट्या भागांच्या दुकानातून पुली आणि नवा पट्टा आणला, आणि इस्त्रीच्या शर्टासकट कामाला लागले. ती वर म्हाताऱ्यांचे कान तपासत होती आणि मधूनमधून खिडकीतून बघत होती. दुपारनंतर खाली गेली तेव्हा त्यांनी जुनी पुली तिच्या कानाशी धरून फिरवली. वाळू चावल्यासारखी करकर.

"ऐकलंत?" ते म्हणाले, जणू शोध त्यांनीच लावला होता.

परतीच्या वाटेवर घाट आला. गाडी खरोखरच मखमलीसारखी चढली. पण वस्तादांना चैन नव्हतं. "हे टिकटिक काय?" इंडिकेटर. "हे खुळखुळ?" ॲश-ट्रेमधली नाणी. "आणि हे सुंऽ सुंऽ?" ते तिचं नाक होतं, तिला सर्दी झाली होती. प्रत्येक वेळी ते "अस्सं!" म्हणायचे आणि जुना मित्र भेटल्यासारखे हसायचे.

पुढच्या आठवड्यात वस्तादांनी टॅक्सीवाल्याला, त्या जोडप्याला आणि आठवतील तेवढ्या सगळ्यांना गाड्या घेऊन परत बोलावलं. गॅरेजपुढे रांग लागली. त्या गडबडीत तिला वहिनींचा फोन आला.

"सगळं छान आहे," वहिनी म्हणाल्या. "दार कुरकुरतं म्हणून सकाळी बिजागऱ्या काढून बसलेत. तक्रार नाही माझी. पण एक अडचण झालीय."

"काय झालं?"

"इतकी वर्षं मी त्यांना काय काय बोलायचे, पुटपुटत. समोर उभी राहून. त्यांना कुठे ऐकू यायचं! मला तेवढाच विसावा होता. काल मी पुटपुटले आणि हे वळून म्हणाले, 'गाढव कोण?'"

तिनं हसू दाबायचा प्रयत्न केला. "मग काय म्हणालात?"

"टॅक्सीवाला म्हटलं. पण असं किती दिवस चालणार? सवय मोडायला वेळ लागेल मला." वहिनींनी आवाज खाली आणला. "तेवढे पंधरा दिवस ती यंत्रं दुरुस्तीच्या नावाखाली तुमच्याकडे ठेवून घेता येतील का?"

तेवढ्यात पलीकडून, पार गॅरेजच्या टोकावरून, वस्तादांचा आवाज आला. "ऐकू येतंय हं मला!"