पाइनपासून तिसरं थडगं

आमचा ओरुम, म्हणजे गावामागची टेकडी, चढायला वीस मिनिटं पुरतात. ज्वालामुखी म्हणून तो कधीच विझला. आता उतारावर गाई चरतात आणि आमचे पूर्वज झोपतात.

थोरला भाऊ सोलमध्ये गुडघा धरून बसला, म्हणून चुसॉकच्या सणाआधी पणजोबांच्या थडग्यावरचं गवत कापायचं काम यंदा पहिल्यांदाच माझ्याकडे आलं.

"दुशिक, तुला जमलं नाही तर पुढच्या वर्षी तुझ्या मेहुण्याला सांगेन," ओक्सुन आत्या म्हणाली. आमच्या पूर्वजांचं गवत परक्या घराण्याचा माणूस कापणार! गवत बाजूलाच राहिलं, आधी माझं नाक कापलं गेलं असतं.

आत्या एकोणऐंशी वर्षांची. जन्मभर समुद्रात बुड्या मारून शिंपले काढलेली. ती पुढे, मी खांद्यावर गवत कापायचं मशीन घेऊन धापा टाकत मागे.

"मी पाण्याखाली दीड मिनिट श्वास धरते. तुला जमिनीवर धरवत नाही?"

वडिलांनी सांगून ठेवलेली खूण माझ्या लक्षात होती : वाकड्या पाइनपासून तिसरं दगडी कुंपण. इथे प्रत्येक थडग्याला असं कुंपण असतं. पाइन दिसला, तीन कुंपणं मोजली, मशीन सुरू केलं. गवत छातीएवढं. दीड तासाने थडगं नुकतीच हजामत केल्यासारखं दिसू लागलं. तांदळाची दारू ओतली, दोनदा दंडवत घातला. पणजोबांना म्हटलं, काळजी नको, मी आहे.

आत्या दगडावर बसून किंबाप खात होती.

"झालं? हे बूंचं थडगं. हा पाइन दुसराच, आपला गेल्या वर्षीच्या वादळात पडला."

"मग आधी का नाही बोललीस?"

"म्हटलं, हात बसू दे."

बू म्हणजे आमचे शेजारी. मानहो बूच्या घोड्याने आमचा सातू खाल्ला, तेव्हापासून बारा वर्षं अबोला. आणि नेमका तोच वर आला. ऑपरेशन झालेल्या कमरेला पट्टा, हातात विळा. थडगं बघून जागीच थांबला.

"दुशिक... तू केलंस?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. आत्याने त्यात किंबाप कोंबला.

"आठवडाभर घोकतोय, मानहोची कंबर गेली, त्याचे आजोबा गवतात कसे राहतील!"

मानहोने माझा हात धरला. त्याचे डोळे भरले होते. मला लाज वाटली आणि, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

"दरवर्षी येईल तो," आत्याने परस्पर सांगून टाकलं.

आमचं थडगं दोन कुंपणं खाली होतं, गवतासकट. मी मशीन उचललं आणि भीत भीत विचारलं, "मग मेहुण्याला सांगणार?"

"छे! त्याच्याने काय होणार? त्याला फक्त आपलंच थडगं सापडलं असतं."