मास्तर, हात माझा राहू द्या

मित्रांनो, तुमच्या आजोबांच्या वयाचा मी एक लेथ आहे. लेथ म्हणजे लोखंडाची कांब गरगर फिरवून तिला हवा तो आकार देणारे यंत्र. कुंभार चाकावर माती फिरवतो, मी माझ्या चकात, म्हणजे कांब घट्ट पकडणाऱ्या जबड्यात, लोखंड फिरवतो. फरक इतकाच की मातीला समजावता येते, लोखंडाशी हुज्जत घालावी लागते.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वितळलेले लोखंड साच्यात ओतले, ते निवले आणि माझे अंग तयार झाले. पुढे कित्येक महिने मला उघड्यावर नुसते ठेवून दिले होते. लोखंडालाही मुरू द्यावे लागते, असे तिथले कारागीर म्हणत. मग एका म्हाताऱ्या कारागिराने माझी पाठ हाताने खरवडून सपाट केली, तिच्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "जा, आता नांदा सुखाने."

मी नांदायला आलो ते एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये. उंच छप्पर, रांगेने लावलेली यंत्रे, तेलाचा वास आणि पायाखाली लोखंडाचा कुरकुरणारा कीस. तिथले सर्वेसर्वा होते मास्तर. आवाज असा की यंत्रे चालू असतानाही शेवटच्या कोपऱ्यातला मुलगा दचकावा. पण माझ्यावर त्यांचा भारी जीव. "हा लेथ म्हणजे माझा थोरला," असे ते पाहुण्यांना सांगत आणि धाकट्या यंत्रांसमोर माझी मान ताठ होई. मुलांच्या कितीतरी तुकड्या माझ्यावर शिकल्या. त्यांनी माझे दाते खडखडवले, माझ्यावर चहाचे पेले ठेवले, पास झाले आणि मला विसरून गेले. मीही त्यांतल्या बहुतेकांना विसरलो.

एकीला मात्र विसरलो नाही.

ती आमच्या मेकॅनिकल शाखेत आलेली पहिली मुलगी. चणीने इतकी लहान, की मुलांनी पहिल्याच दिवशी तिचे नाव 'चिमणी' ठेवले. तिचे वडील बस चालवत. लहानपणी एकदा ती त्यांच्यासोबत गेली असताना बस वाटेत बंद पडली होती. मेकॅनिक येईपर्यंत वडील हताशपणे रस्त्याच्या कडेला बसून राहिले. आत नेमके काय बिघडले हे आपल्याला कळायलाच हवे, असे तिने तेव्हाच ठरवले. घरी मात्र तिला जेमतेम होकार मिळाला होता. वडील म्हणाले होते, "एक वर्ष बघ. वर्कशॉप जमलं नाही तर मुकाट्याने दुसरी शाखा घ्यायची."

वर्कशॉप जमण्यासाठी आधी ते करायला तर मिळायला हवे! पहिल्या तासाला मास्तरांनी तिला खिडकीजवळ एक स्टूल दिले. "तू इथे बस, पोरी. मुलं काम करतील, ते नीट बघ आणि लिहून घे." ती बसली नाही. केस घट्ट बांधून, एप्रनच्या बाह्या दुमडून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझे हँडल तिच्या खांद्याशी येत होते. दुसऱ्या तासाला तिने सुतारकामाच्या खोलीतून एक फळी आणली आणि तिच्यावर उभी राहिली. मुले हसली. ती म्हणाली, "हसा, हसा. तुम्हाला वाकावं लागतं, मला चढावं लागतं. एवढंच."

तिला नकार कोणी दिला नाही, पण काम तिच्या हातात टिकत नव्हते. तिने हँडल धरले की मास्तर येत, "सरक, मी दाखवतो," म्हणत आणि दाखवता दाखवता तिचे काम स्वतःच पुरे करून टाकत. मुलांच्या बाबतीत ते असे करत नसत. मुलांना ते शिव्या देत आणि शिकू देत.

एके दिवशी ती सरकली नाही.

"मास्तर, तुम्ही सांगा. मी ऐकते. पण हात माझा राहू द्या."

मास्तर भडकले. "आणि बोट गेलं तर? तुझ्या बापाला मी काय तोंड दाखवू?"

"मुलांची बोटं जात नाहीत का?"

"जातात! पण त्यांचे बाप मला विचारायला येत नाहीत!"

मला त्यांचा स्वभाव ठाऊक होता. रागाच्या आत भीती होती आणि भीतीच्या आत माया. पण मायेनेही माणूस दुसऱ्याची वाट अडवतो, हे मी त्या दिवशी पाहिले. मास्तर एक पाऊल मागे सरले आणि कोरड्या आवाजात म्हणाले, "चकाची किल्ली काढलीस का, ते आधी बघ. मगच बटण दाब."

तिने किल्ली काढली आणि बटण दाबले. माझ्यासमोर उभी राहून तिने पहिला काप घेतला. शेवटपर्यंत तिने हँडल सोडले नाही.

त्या इमारतीत आणखी एकच बाई होत्या, गणित शिकवणाऱ्या. सगळे त्यांना नुसते 'बाई' म्हणत. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्या वर्कशॉपमध्ये आल्या. चिमणी माझ्या शेजारी डबा खात होती, आणि पाण्याची बाटली जशीच्या तशी भरलेली होती.

"पाणी का पीत नाहीस?" बाईंनी विचारले.

चिमणीने बाटली मागे सरकवली. या इमारतीत बायकांसाठी बाथरूम नव्हते. मैदान ओलांडून लांबच्या इमारतीत जावे लागे आणि तेवढ्यात अर्धा तास बुडे.

"मीही असंच केलं," बाई म्हणाल्या. "वर्षानुवर्षं तहान मारली. लोक म्हणायचे, बाई किती सोशिक आहेत! मला वाटायचं, माझं कौतुकच चाललंय. पुढे दुखण्याने अंथरूण धरलं, तेव्हा त्यातलं एक माणूस फिरकलं नाही. नीट ऐक. सोसणं हा गुण नाही, ती सवय आहे. एकदा लागली की सुटत नाही. आपण दोघी मिळून प्राचार्यांकडे जाऊ."

"ते म्हणतील, एका मुलीसाठी कशाला एवढा खटाटोप?"

"म्हणू देत. आपण विचारू, दुसरी मुलगी यायची कशी?"

त्या दोघी गेल्या. एकदा गेल्या, पुन्हा गेल्या, प्राचार्य त्यांना टाळू लागले तेव्हा त्यांच्या दाराशी खुर्च्या टाकून बसल्या. शेवटी वर्कशॉपच्या मागच्या अडगळीच्या खोलीत बाथरूम झाले. त्याच्या दाराची कडी चिमणीने माझ्यावरच तयार केली. थोडी वाकडी झाली, पण लागायची पक्की.

मग वर्षअखेरीची प्रॅक्टिकल परीक्षा आली. बाहेरून परीक्षक आले होते. प्रत्येकाला एक कांब मापात कातून तिच्या टोकाला आटे, म्हणजे पेचाच्या खाचा, पाडायचे होते, नट बसेल असे. चिमणीने कांब नेमक्या मापात आणली, आटे पाडायला घेतले. ते अर्ध्यावर आले आणि कट्‌कन आवाज झाला. कातणाऱ्या हत्याराचे टोक तुटले.

मित्रांनो, तुटल्या जागेवरून आटे पुन्हा पाडणे म्हणजे उसवलेल्या शिवणीत जुन्याच भोकांतून सुई घालण्यासारखे असते. केसाएवढे चुकले की सगळे वाया. परीक्षक जवळ आले. माणूस वाईट नव्हता. ते हळूच म्हणाले, "राहू दे, बाळ. मुलीच्या मानाने बरंच केलंस. करतो मी पास."

तिच्या वडिलांची अट मला ठाऊक होती. नुसते 'हो' म्हटले असते तरी तिचे वर्ष वाचले असते. तिने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला.

"सर, वेळ संपली का?"

"नाही. पण..."

"मग मी काम करते."

मास्तर समोरच्या भिंतीपाशी उभे होते. त्यांनी हात पाठीमागे घट्ट धरले होते. मला वाटले, आता धावत येतील आणि म्हणतील, सरक. पण ते जागचे हलले नाहीत.

तिने हत्याराला नवी धार लावली, ते बसवले आणि मला अगदी हळू फिरवले. वाकून, श्वास रोखून, तिने ते टोक जुन्या खाचेत उतरवले. पहिल्यांदा चुकले. तिने मागे घेतले. दुसऱ्यांदा बसले. मी माझ्या परीने जराही थरथरलो नाही, एवढे सांगतो. आटे पुरे झाले, तिने नट लावून पाहिला. तो अर्ध्यावर अडला. तिने आणखी एक हलका काप घेतला आणि मग नट बोटाच्या एका टिचकीने सरसर आत गेला. त्याच क्षणी घंटा झाली.

ती वर्गात पहिली आली असेल, असे तुम्हाला वाटले असेल. तसे काही झाले नाही. दुसऱ्या टोकाची धारदार कड मारायची, म्हणजे जराशी घासून मोडायची, राहिली होती, त्यामुळे तिला बेताचेच गुण मिळाले. पण ते तिचे स्वतःचे होते. मास्तर जवळ आले आणि गुरगुरले, "कड राहिली."

"हो, मास्तर."

"पुढच्या वेळी कड आधी मारायची." आणि तोंड फिरवून त्यांनी उगाचच माझी पाठ पुसायला घेतली. वडिलांनी अट पुन्हा कधी काढली नाही. ते फक्त एवढेच म्हणाले म्हणे, "आता गाडी बंद पडली तर मेकॅनिकची वाट बघायला नको."

पुढे शाखेत मुली येत राहिल्या. बाई निवृत्त झाल्या, मास्तरही गेले. मग संगणकावर चालणारी चकचकीत यंत्रे आली आणि मला कोपऱ्यात सरकवले. अंगावर ताडपत्री, ताडपत्रीवर मोडक्या खुर्च्या. माझ्या पाठीला गंज चढला. कित्येक वर्षे मला कोणाचा हात लागला नाही.

गेल्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये गडबड ऐकू आली. कॉलेजने एका मोठ्या कारखान्याच्या प्रमुख बाईंना मुलींपुढे भाषण करायला बोलावले होते. त्या सभागृहातल्या हारतुऱ्यांतून उठल्या आणि सगळ्या मुलींना घेऊन सरळ इकडे आल्या. आवाज ऐकला आणि मी ओळखले. चिमणी! केस पिकले होते, उंची मात्र तेवढीच.

"विचारा काय विचारायचं ते," ती म्हणाली. "इथे मला जास्त सुचतं."

एका मुलीने चाचरत विचारले, "मॅडम, माझ्या गटातली मुलं मला फक्त रिपोर्ट लिहायला देतात. म्हणतात, तुझं अक्षर छान आहे. मी काय करू?"

"मग अक्षर बिघडव!"

मुली खळखळून हसल्या. मग चिमणी गंभीर झाली. "नको, बिघडवू नकोस. उद्या सगळ्यांच्या आधी येऊन मशीनसमोर उभी राहा. जो उभा असतो त्याच्या हातात हँडल येतं, बसतो त्याच्या हातात पेन. आणि मदत माग, जरूर माग. पण हातातलं काम देऊन टाकू नकोस."

"तुमची भीती कधी गेली?" दुसरीने विचारले.

"गेली नाही. कारखान्यात पहिल्यांदा गेले तेव्हा मला फायली लावायला बसवलं होतं. रोज साहेबांकडे जाऊन मशीनवर काम मागायचे आणि रोज आत शिरण्याआधी दाराबाहेर दोन फेऱ्या मारायचे. आजही नवं काम घेताना भीती वाटते. ती वाटली की मी समजते, काम करण्याजोगं आहे."

मग तिने एप्रन चढवला, स्वतः खुर्च्या उतरवल्या आणि ताडपत्री ओढली. रॉकेलमध्ये बुडवलेला बोळा त्या चाचरणाऱ्या मुलीच्या हातात दिला आणि दोघी माझी पाठ घासू लागल्या. बाकीच्याही पुढे झाल्या. गंज सुटला, तेल पडले, बटण दाबले. मी आधी कण्हलो, खोकलो आणि मग फिरलो.

त्या मुलीने पहिला काप घेतला. वाकडातिकडा गेला. तिने चिमणीकडे पाहिले. चिमणीने हात एप्रनच्या खिशात घातले होते.

"परत करते," मुलगी म्हणाली.

मित्रांनो, यंत्रांना तेल द्या, काम झाले की पुसून ठेवा, हे तर मी सांगेनच. म्हाताऱ्याचा तो हक्क आहे. पण आणखी एक सांगतो. गंज ओलाव्याने चढतो असे तुम्ही पुस्तकात वाचता. माझ्या अंगावर तो चढला, कारण मला कोणी वापरलेच नाही. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात, कोणाच्या हातांना असा गंज चढतो आहे का, ते बघा. ती ताई असेल, मैत्रीण असेल, कदाचित आईही असेल. तिच्या हातातले काम स्वतः करून टाकू नका. तिला जागा द्या आणि आपले हात मागे घ्या.