चेंबरचं पॅकिंग

"गांडूळ आहे की काय हे?" म्हातारे मेकॅनिक वेंकोजीराव गाडीखालून म्हणाले आणि निळ्या सिलिकॉनची वीतभर शेपटी त्यांनी बाहेर फरशीवर भिरकावली.

शशांकने ती उचलून पाहिली. "पेस्ट आहे काका. बेळगोळला भुवनच्या वर्कशॉपमध्ये लावली होती. रबरासारखी सेट होते ती."

"सेट होते, हौदा? मग तेल का गळतंय जी?"

म्हैसूरच्या मराठीतलं हे कानडी 'हौदा', म्हणजे 'हो का', शशांकच्या आता सवयीचं झालं होतं. तो मूळचा पुण्याचा, दहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी म्हैसूरला आलेला. जयलक्ष्मीपुरमला घर झालं आणि गेल्या वर्षी त्याने ही जुनी फियाट घेतली. रविवारी शहरात जुन्या गाड्यांची मिरवणूक होती आणि इंजिनाखालचा पुठ्ठा रोज सकाळी तेलाने भिजलेला असे.

वेंकोजीरावांना ही हौशी मालकांची जात ठाऊक होती. बॉनेट आरशासारखं पुसायचं, शेजारी उभं राहून फोटो काढायचे, पण खाली वाकून बघायचं म्हटलं की पँट खराब होते. भिंतीवर पान्यांची नवीकोरी पेटी टांगली होती. तिच्यातला एकही पाना जागचा हललेला नव्हता.

"मी व्हिडिओ बघितलाय," शशांक म्हणाला. "त्यात टॉर्क रेंचने एकेक बोल्ट मोजून आवळतात."

"बरं. त्या व्हिडिओलाच बोलवायचं होतं की."

त्यांनी शेवटचा बोल्ट सोडवला आणि चेंबर, म्हणजे इंजिनाच्या बुडाशी असलेलं तेलाचं पत्र्याचं भांडं, दोन्ही हातांनी खाली घेतलं. आत तेल ओढणारी जाळी होती. तिच्यावर पेस्टचे निळे तुकडे चिकटून अर्धी जाळी बंद झाली होती.

"बघा. ह्याच्यातनं तेल वर जाणार कसं? मिरवणुकीत निम्म्या वाटेवर इंजिन जाम झालं असतं. मग तुम्ही, तुमची पेस्ट आणि तो पेस्टवाला. धक्का मारत बसा."

पेस्टवाला म्हणजे भुवन. मंडी मोहल्ल्यातल्या त्यांच्या टपरीएवढ्या गॅरेजात आठ वर्षं शिकला आणि मग बेळगोळला मोठी शेड टाकली, गाडी उचलणारं मशीन आणलं. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून वेंकोजीराव त्याच्याशी बोलले नव्हते. कोणी त्याचं नाव काढलं की ते नुसते थुंकायचे.

माणसाला तुच्छ लेखण्याचं शिक्षण त्यांचं घरातच झालं होतं. वडील अंबाजीराव शिंपी. तीन पिढ्या मंडी मोहल्ल्यात, मशीनवर कपडे आणि गुरुवारी विठोबाचं भजन. मुलगा गॅरेजात जायला लागला तेव्हा त्यांनी त्याची काळी नखं एकदाच पाहिली आणि पुन्हा कधी त्याला दुकानातल्या कापडाला हात लावू दिला नाही. मुलाने कापड सोडलं, पण वाकडी शिवण बघताना वडिलांचा ओठ जसा वळायचा, तसा वळवायला तो शिकला. तो वळलेला ओठ आज सदुसष्टाव्या वर्षीही सरळ झाला नव्हता.

त्यांनी चेंबर रॉकेलने धुतलं, जाळी साफ केली, इंजिनाच्या कडेची पेस्ट पातीने खरवडून काढली. बोल्ट वाजवीपेक्षा जास्त आवळल्यामुळे चेंबरची कड प्रत्येक भोकाशी उचलली गेली होती. लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून लहान हातोडीने त्यांनी एकेक जागा सपाट केली. मग कॉर्कच्या शीटवर चेंबर उलटं ठेवून पेन्सिल फिरवली आणि मोठ्या कात्रीने पॅकिंग, म्हणजे पेस्टच्या जागी बसणारी तेल अडवणारी पट्टी, कापलं. कात्री कुठे अडली नाही. कड अशी उतरली की शशांकने नकळत फोन बाहेर काढला.

"बेडा जी, नको. ठेवा तो आत. माकडाचा खेळ नाही हा."

शशांक ओशाळला. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला आणि तो वर गेला.

वेंकोजीराव पुन्हा गाडीखाली सरकले. पॅकिंग बसवलं, चेंबर टेकवलं आणि बोल्ट हाताने लावायला सुरुवात केली. मधले आधी, मग समोरासमोरचे. हे काम बोटांचं. आटे धरले की नाही ते बोटांनाच कळतं. पण शुगरमुळे दोन वर्षं त्यांच्या बोटांच्या टोकांना मुंग्या होत्या. हे फक्त सुमित्राबाईंना माहीत होतं, कारण सकाळी नवऱ्याच्या शर्टाची बटणं त्या लावत.

मागच्या कोपऱ्यातला बोल्ट थोडा तिरपा गेला. बोटांना समजलं नाही. त्यांनी पाना लावला. बोल्ट जड जड फिरला आणि मग एकदम हलका झाला, नुसताच फिरू लागला.

इंजिनातले आटे गेले होते. साठ वर्षांचं इंजिन.

ते तसेच पडून राहिले. कोणी पाहिलं नव्हतं. उरलेले बोल्ट चेंबर धरून ठेवणार होते. ह्या एका भोकाशी बोटभर पेस्ट दाबली असती तर चार-सहा महिने थेंबही पडला नसता, आणि नंतर पडला तर जुनी गाडी म्हणून कोणी काही म्हटलं नसतं. शशांकने आणून ठेवलेली पेस्टची ट्यूब शेजारच्या फळीवरच होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा ओठ वळला, पण या वेळी तो कोणासाठी, हे त्यांना नीट ठाऊक होतं.

शशांक खाली आला. "झालं का काका?"

"नाही. एका बोल्टाचे आटे गेले."

"भुवनने घालवले होते?"

ही वाट तर अगदीच सोपी होती.

"मी घालवले," वेंकोजीराव म्हणाले. "आत्ता."

शशांकने फळीवरच्या ट्यूबकडे पाहिलं. "मग तिथे जरा पेस्ट लावली तर चालणार नाही?"

"चालंल. त्यालाही चालतच होतं." ते गाडीखालून बाहेर आले. "थोडं मोठं भोक पाडून नवे आटे पाडाय पाहिजेत. आडवं पडून, वर बघत. माझ्या हातानं आता ते व्हायचं नाही. त्याला फोन लावा."

"कोणाला?"

"तुमच्या पेस्टवाल्याला."

भुवन तासाभरात आला. चाळिशी ओलांडलेला, वर्कशॉपचं नाव छापलेला टी-शर्ट घातलेला. फरशीवरची निळी गांडुळं त्याने पाहिली. मग खाली जाऊन तो बोल्ट पाहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं, ते वेंकोजीरावांना अनोळखी नव्हतं. त्यांच्याकडेच शिकला होता तो.

"मामा, तुमच्याकडनं हे?" तो म्हणाला. शिकत असल्यापासून तो त्यांना मामाच म्हणायचा.

"होय."

"मला दोन बोल्टांच्या आट्यांवरनं शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर पाना फेकून मारला होता तुम्ही."

"होय. आणि तू जाळीत पेस्ट भरून ठेवलीस. साकु, पुरे आता. काम कर."

भुवनने चेंबर परत उतरवलं. लोखंडाचा कीस इंजिनात उडू नये म्हणून त्याने आटे पाडायच्या टॅपला ग्रीस फासलं. हे त्याला कोणी शिकवलं ते दोघांनाही माहीत होतं. तो पाठीवर झोपून आत सरकला आणि म्हणाला, "उजेड पाहिजे."

शशांक पुढे झाला. वेंकोजीरावांनी त्याच्या हातातून टॉर्च घेतला, गुडघे टेकले, अंग आडवं केलं आणि गाडीखाली हात घातला.

"स्वल्प डावीकडे," आतून भुवन म्हणाला. "हलवू नका."

टॉर्च हलू नये म्हणून वेंकोजीरावांनी तो दोन्ही हातांनी धरला.