अकराशे दहा लिटर

मानवजातीच्या इतिहासात खरे शोध तीनच: अग्नी, चाक आणि मुलुंड पूर्वेच्या ‘स्नेहबंध’ सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर कारखानीस यांनी लिहिलेला एका ओळीचा प्रोग्राम. हे मत खुद्द कारखानीसांचं. पहिल्या दोन शोधांबद्दल त्यांच्या मनात अधूनमधून शंका यायची. ती ओळ सोसायटीच्या बहात्तर घरांपैकी एकाहत्तर घरांत कोणालाही वाचता येत नव्हती. बहात्तरावं घर कारखानीसांचं. तिथेही पंधरा दिवसांनी येईनाशी झाली होती.

पाणीकपात सुरू झाल्यावर जनरल बॉडीने ठराव केला. घरोघरी लिटरचं मीटर बसलंच होतं. प्रत्येकाने रोज सकाळी आदल्या दिवसाचा आकडा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. महिनाअखेर जो सगळ्यांत जास्त पाणी उडवेल, त्याला पुढचा महिनाभर सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी सहा ते साडेसहा एवढंच पाणी. गच्चीवर प्रत्येक घराचा वेगळा कॉक, कॉकच्या पेटीला कुलूप, किल्ली कारखानीसांच्या खिशात. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर शेजारी होता.

आता ग्रुपवरून उतरवलेला मजकूर म्हणजे नुसती अक्षरं. अक्षरांची बेरीज होत नाही. आधी त्यांच्या संख्या कराव्या लागतात. कारखानीसांनी विमा कंपनीत तीस वर्षं ॲरे प्रकारची कॉम्प्युटर-भाषा चालवलेली. या भाषेत एकेक आकडा हातात घेणं हलकं काम समजतात. अख्खा रकाना एकदम उचलायचा. चिन्हं अशी की पडद्यावर मुंग्या चालल्यात असं वाटावं. त्यांनी शून्य ते नऊ ही दहा चिन्हं एका ओळीत मांडली आणि प्रत्येक अक्षर त्या ओळीत कितव्या जागी सापडतं ते विचारलं. जागा मोजायच्या शून्यापासून. म्हणजे जागा हीच किंमत. मग एकं-दहं-शतं लावलं की झाली संख्या. बहात्तर घरं, एकतीस दिवस, एका फटक्यात.

“सेकंदाचा हजारावा भाग!” ते लिफ्टमध्ये सांगायचे. लिफ्टला तेवढ्यात दुसरा मजलाही गाठता येत नसे.

चौथ्या मजल्यावरच्या यज्ञेश सामंतला हे सहन होत नव्हतं. त्याचं पोटही कॉम्प्युटरवरच. त्याने आपला वेगळा प्रोग्राम लिहिला. तो एक निरोप उचलायचा, वाचायचा, संख्या करायचा, खाली ठेवायचा, मग दुसरा.

“किती वेळ लागतो रे?” कारखानीसांनी गेटवर चारचौघांत विचारलं.

“चार सेकंद.”

“चार सेकंद! तेवढ्यात मी चार हजार सोसायट्यांचं पाणी तोडेन.”

तूर्तास त्यांनी एकाच घराचं तोडलं. तिसऱ्या मजल्यावरच्या शेवंती गावडे यांचं. गिरणीतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान लवू गावडे आणि त्या, घरात माणसं दोन. खर्च जवळजवळ रोज अकराशे दहा लिटर. यादी नोटीस बोर्डावर लागली. जिन्यात बायका शेवंतीबाईंकडे बघून नळ बंद केल्याचा अभिनय करू लागल्या. कोणीतरी त्यांच्या दारावर खडूने ‘वॉटर पार्क’ असं लिहिलं. सहा दिवस शेवंतीबाईंनी बादल्या-पातेली भरून निभावलं, सातव्या दिवशी लेखी तक्रार केली आणि रविवारी संध्याकाळी सहाला पार्किंगमध्ये खास सभा भरली. अध्यक्षपदी मानसी धुरू. त्या शाळेत गणित शिकवत, त्यामुळे सोसायटीत त्यांना कोणी आकड्याबद्दल विचारत नसे.

“मी मीटरावरचो आकडो बघतंय नि तोच पाठवतंय,” शेवंतीबाई उभ्या राहून म्हणाल्या. “अकराशे लिटर पाणी मी खय ओततलंय? तिसऱ्या माळ्यार म्हशी बांधलंय काय?”

“ते आम्ही तुम्हाला विचारतोय,” कारखानीस म्हणाले.

“काका, माझ्या यादीत त्यांचं तीनशे चाळीस येतं,” यज्ञेश म्हणाला.

“तुझ्या यादीला चार सेकंद लागतात. दमून चुकली असेल.”

मानसीबाईंनी कारखानीसांचा कागद चष्म्याजवळ नेला. “कारखानीस, यांचे आकडे बघा. सोमवारी अकराशे दहा. मंगळवारी अकराशे दहा. बुधवारीही तेच. एक लिटर इकडे नाही की तिकडे नाही?”

“काही लोकांच्या उधळपट्टीलासुद्धा शिस्त असते.”

“आणि हे पाच दिवस? दहा लिटर, दहा लिटर, दहा लिटर...”

“तेवा आमी गावाक गेल्लंव!” शेवंतीबाई उसळल्या. “घराक कुलूप होतां. मी थयसून रोज शून्य पाठवलंय. मगे धा लिटर कोण पिलो? उंदीर?”

“नळ गळत असेल.”

“तुमचा मेंदू गळतोय,” असं मागून कोणीतरी म्हणालं. इतिवृत्तात ‘सभासदांनी सूचना केली’ अशी नोंद आहे.

यज्ञेशने शेवंतीबाईंचा मोबाइल मागून घेतला, निरोप पाहिले आणि तो हसायलाच लागला. बाई आकडे मराठीत पाठवत होत्या. तीन, चार, शून्य, पण देवनागरी. त्याच्या प्रोग्रामला दोन्ही लिपी वाचता येत होत्या.

“काका, तुमच्या त्या इंग्रजी आकड्यांच्या ओळीत जे अक्षर सापडतच नाही, त्याला भाषा कितवी जागा देते?”

कारखानीस हळूच म्हणाले, “शेवटच्या जागेच्या पुढची.”

“शून्य ते नऊ संपल्यावर पुढची कुठली?”

“दहावी.”

मानसीबाईंनी पेन काढलं. “म्हणजे मराठी तीन सापडला नाही, दहा. चार सापडला नाही, दहा. शून्यही दहा. दहा शतकं, दहा दशकं, वर दहा. एक हजार, शंभर आणि दहा.” त्यांनी कागद फडकवला. “अकराशे दहा! या बाईने तीन आकडी काहीही लिहिलं असतं तरी अकराशे दहाच आलं असतं. आणि घर बंद, तर दहा.”

एखादा माणूस अशा वेळी ‘चुकलं’ म्हणतो. कारखानीस सेक्रेटरी होते.

“प्रोग्राममध्ये दोष नाही,” ते म्हणाले. “दोष डेटात आहे. नियम करा, आकडे इंग्रजीतच पाठवायचे.”

हे वाक्य त्यांनी मुलुंडमध्ये उच्चारायला नको होतं. जे सभासद आठवडाभर शेवंतीबाईंना पाणीचोर म्हणत होते ते एका क्षणात मातृभाषेचे कैवारी झाले. दुसऱ्या मजल्यावरचे माणिक चित्रे खुर्चीवर चढले. “मराठी आकडा लिहिला म्हणून मराठी बाईचं पाणी तोडता? मुंबईत?” आम्ही बाकीचे सभासदही ओरडलो. आमचे सगळ्यांचे आकडे महिनाभर इंग्रजीतच जात होते, चित्र्यांचे तर ‘अप्रॉक्स’ लावून. पण मुद्दा तत्त्वाचा होता. दारावरच्या ‘वॉटर पार्क’शी ज्यांचं हस्ताक्षर जुळत होतं ते गृहस्थ सर्वांत जोरात ओरडत होते.

“राजीनामा द्या!”

“देतो! पण आधी सांगा, एका ओळीत तुमच्यापैकी कोण करून दाखवतो?”

“एक ओळ नि एका बाईची वाट लावली!” यज्ञेश म्हणाला. “तपासायला अजून एक ओळ लिहिली असती तर काय झालं असतं?”

“दुप्पट लांब झाला असता!” कारखानीस कळवळून ओरडले. अख्ख्या संध्याकाळात त्यांच्या आवाजात एवढं दुःख पहिल्यांदाच आलं.

मग चौकशी समिती नेमायची सूचना आली, माफीनामा मराठीत की दोन्ही भाषांत यावर मतदान मागितलं गेलं, आणि चित्र्यांनी स्वतःचं नाव समितीच्या अध्यक्षपदासाठी सुचवून त्याला स्वतःच अनुमोदन दिलं. पावणेसात वाजले. एवढ्यात शेवंतीबाईंचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, दोनदा “होय, होय” म्हणाल्या आणि कारखानीसांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आता ही बाई काहीतरी जबर मागणार, या आशेने चित्रे खुर्चीवरून खाली उतरले.

“सेक्रेटरीनू, ता मराठी-इंग्लिश मगे बघा,” त्या म्हणाल्या. “पयलो तो कॉक सोडा. माजो घोव अंगाक साबण लावन बसलोहा.”