एपिक्लोरोहायड्रिनला झेंडूचा हार

साल दोन हजार अठरा, ऑक्टोबर महिना. धुळ्यात देवपुरातल्या आमच्या कॉलेजात त्या खंडेनवमीला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेची जी पूजा झाली, तशी आधी कधी झाली नव्हती आणि पुढेही होऊ नये.

मी तिथे विभागप्रमुख होते तेव्हा पूजा साधी असे. काचेच्या पेटीतला तराजू, एक बर्नर, पितळी पारड्यांना गंध, वर दोन फुलं. बाटल्या कपाटात कुलूपबंद. देवाला नायट्रिक आम्ल दाखवायची हौस आम्हांला नव्हती. मी निवृत्त झाले आणि प्रगती झाली. प्राचार्य भूपेंद्रसरांनी फतवा काढला, की पूजेत महागातलं सामान पुढे ठेवायचं. फोटो चांगला येतो.

सगळ्यांत महागाची निघाली सुलक्षणाची बाटली. सुलक्षणा यावलकडची, तासिका तत्त्वावर शिकवणारी. दरवर्षी तिची नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही, हे संस्थेची बैठक ठरवायची. वडिलांच्या बागेतल्या केळीच्या खांबांचे तंतू काढून, त्यांपासून पाण्यातला रंग शोषणारी भुकटी करायचं तिचं संशोधन होतं. ते तंतू एकमेकांना घट्ट बांधायला एपिक्लोरोहायड्रिन लागतं. तिला धुरांड्याचं कपाट हवं होतं, म्हणजे वाफ बाहेर ओढली गेली असती. सर म्हणायचे, "मॅडम, खिडकी आहे ना?"

हे द्रव्य दिसायला पाण्यासारखं. रेणूत तीन कोनांचं एक कडं असतं, ताणून, आखडून बसलेलं. समोर कुणीही येवो, फुटून त्याला चिकटायला ते टपलेलंच. म्हणून तर त्यापासून इतका पक्का डिंक होतो, फरशीच्या फटी भरणारा, पत्रे जोडणारा. आणि याच गुणाने ते माणसाच्या कातडीलाही चिकटतं. लगेच झोंबत नाही. सभ्य माणसासारखं थांबतं आणि काही तासांनी फोड आणतं. त्यातून ऑक्टोबरातली धुळ्याची दुपार, म्हणजे त्याची वाफ ठिणगीला पेटायला तयारच.

मला पूजेला बोलावलं होतं, ज्येष्ठ म्हणून. मी पोचले तेव्हा बाटलीला झेंडूचा हार पडला होता, पुढे समई तेवत होती. सगळ्यांची पायताणं दाराबाहेर ओळीने.

"सर, समई तरी लांब ठेवा," सुलक्षणा म्हणाली.

"मॅडम, देवाच्या दिव्याने कधी कुणाचं वाईट झालंय का?"

"देवाला वाफेचं कळतं सर, वाफेला देवाचं कळत नाही."

"वास आला की आम्हांलाही कळेल हो."

"वास येईपर्यंत उशीर झालेला असतो."

शिपाई वनाभाऊंनी हळूच विचारलं, "अक्का, ही बाटलीनी आरती बी करनी का?" मी म्हटलं, सरांना विचारा, विज्ञान त्यांच्याकडे आहे.

संस्थेचे अध्यक्ष कौतिकनाना आले. धरणगावचे, कापसाची शेती, तोंडात साखर आणि डोक्यात राख. सरांनी नारळ फोडला आणि फोटोसाठी बाटली उचलून दाराशी उजेडात नानांच्या हाती द्यायला निघाले, नारळाच्या पाण्याने ओल्या हातांनीच. बाटली सटकली, उंबऱ्यावर आपटली आणि द्रव्य दाराबाहेर पायताणांवर वाहत गेलं.

सुलक्षणाने पहिल्यांदा समई फुंकली. मग ओरडली, "मागच्या दाराने बाहेर! समोर कुणी पाय टाकू नका!"

सगळे अनवाणी पळालो. तिने आगीसाठी ठेवलेली वाळू ओतली, जाड हातमोजे दोनदा बदलले आणि चिमट्याने भिजलेली सगळी पायताणं एका पिंपात टाकून झाकण लावलं. "चामड्यात हे मुरतं. धुऊन जात नाही. फेकायचीच." नानांच्या नव्या चपलाही त्यातच गेल्या.

एक जोड मात्र वाचला. भूपेंद्रसरांनी आपले तपकिरी बूट तिच्या आधीच उचलून नेले, नळाखाली धरले, पुसले, घातले. मुलीच्या साखरपुड्यासाठी घेतलेले. "पाण्याने काय जात नाही?" वर म्हणाले, "आणि पूजेचा दिवा फुंकला तुम्ही! हा अपमान बैठकीत जाणार."

दसऱ्याला तेच बूट घालून ते सोनं वाटत गावभर फिरले.

दसऱ्यानंतर बैठक भरली. मीही होते, सल्लागार म्हणून, म्हणजे चहा प्यायला. विषय एकच, सुलक्षणाची नेमणूक. तिच्यावर आरोप दोन. देवाचा दिवा फुंकला आणि अध्यक्षांच्या चपला पिंपात टाकल्या. नाना तोंड फुगवून बसलेले. सुलक्षणा भिंतीला टेकून उभी होती, बसा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं.

भूपेंद्रसर उशिरा आले. रबरी सपाता, दोन्ही पायांना पट्ट्या, चाल तापलेल्या तव्यावरून चालल्यासारखी.

"काय झालं हो पायाले?" नानांनी विचारलं.

"शुगर आहे थोडी."

"दोन्ही पायाले एकदम? तीबी बूट जठे लागस तठेच?"

सरांनी पाय खुर्चीखाली ओढले. नानांनी टेबलाखाली वाकून आधी आपले पाय पाहिले, मग सरांचे. मग सभासदांना म्हणाले, "दिवानं ऱ्हाऊ द्या. पोरनी जोडा फेकी दिधात म्हनीसन मना पाय वाचनात. जिले फेकानं कळस, तिलेच ठेवा."

सुलक्षणाची नेमणूक झाली. धुरांड्याचं कपाटही मंजूर झालं. नानांना पुढच्या पूजेलाही यायचं होतं.

सुलक्षणा आता पीएच.डी. होऊन जळगावला कायम झाली आहे. केळीच्या भुकटीने पाणी गाळून दाखवते, पण ते पाणी आधी पाहुण्यांनी प्यावं असा आग्रह धरत नाही. वनाभाऊ निवृत्त झाले, घरी ट्रॅक्टरची पूजा करतात, डिझेलची टाकी दिव्यापासून लांब ठेवून. कौतिकनाना करोनात गेले. शेवटपर्यंत त्यांनी नव्या चपलांचा विषय सोडला नाही. भूपेंद्रसरांच्या मुलीचा साखरपुडा थाटात झाला. सर फोटोत मधोमध आहेत, सुटात, सपाता घालून. हल्ली ते औद्योगिक सुरक्षिततेवर व्याख्यानं देतात. अनुभवाचे बोल, असं पत्रिकेत छापलेलं असतं.

मी देवपुरातच आहे. खंडेनवमीला विळीची पूजा करते.